म्हशीच्या दुधाची भुकटी

बडोद्यानजीक आणंद येथे १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. हिवाळ्यात म्हशी अधिक दूध देत. मुंबईस ते सारे खपत नसे. उरलेल्या दुधाची भुकटी करावी, तर म्हशीच्या दुधापासून ती होणेच शक्य नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. त्यांचा अनुभव गाईच्या दुधाचा, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच अधिक असतो. दुग्धतंत्रज्ञ हरिचंद मेघा दलाया यांनी तेच दूध फवाऱ्याने गरम हवेत सोडून, सुकवून दाखविले. १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला आणि हिवाळ्यातील जादा दुधासही गिऱ्हाईक मिळाले.

प्रयोग यशस्वी झाला. परंतु खेडोपाडीच्या सभासदांचे हिशेब, रोजची वाहतूक व विक्री सांभाळणारी शिक्षित माणसे कोठून आणावयाची? व्यवस्थापनाचे पदवीधर खेड्याकडे फारसे वळत नसत. म्हणून वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ साली आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली. तेथील विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग ठरला. २०२५ साली या संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर झाले.