बरणीतील बाग आणि बशीतील पाणी

गेल्या श्रावणात आमच्या धर्मग्रामातील एका शाळकरी मुलीला डेंग्यूचा ताप आला. आठ दिवस ती तालुक्याच्या रुग्णालयात होती. ती बरी होऊन घरी परतण्यापूर्वीच आशाताई गावातील घरे तपासीत फिरू लागल्या. पिंपे, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, सारे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. शेवटी त्या आमच्या निवासात आल्या, दिवाणखान्याच्या खिडकीतील मनीप्लांटची बाटली त्यांनी उचलली आणि उजेडात धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. व्हरांड्यातील कुंड्यांखालच्या बशांतही तोच प्रकार. त्या मुलीचे घर आमच्या फाटकापासून पन्नास पावलांवर आहे. ताप माझ्याच बाटलीतून तिकडे गेला, असे कोणी म्हटले नाही आणि ते सिद्ध करणेही शक्य नाही. तथापि आशाताईंच्या नजरेला नजर देणे मला त्या क्षणी जमले नाही. आदल्याच रविवारी मिस्सानंतर मी स्वच्छतेविषयी पंधरा मिनिटे बोललो होतो.

वाचकहो, घरात झाडे ठेवू नका, असे सांगण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. खिडकीत चार हिरवी पाने असली की घराला घरपण येते, हे आपण सारेच जाणतो. परंतु झाड आणले म्हणजे एक जीव घरात आणला. त्याची रीत शिकून घ्यावयास नको काय?

प्रथम त्या पाण्याविषयी. डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटारात सहसा वाढत नाही. त्याला आपल्यासारखेच स्वच्छ, साठलेले पाणी आवडते, आणि तो दिवसा चावतो. त्याची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतील बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर. अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून बाटलीतील व बशीतील पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. पण नुसते ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. यास्तव भांडे काथ्याने आतून घासलेच पाहिजे. मी स्वतः मनीप्लांट पाण्यातून काढून मातीत लावला. त्याला ती अधिक मानवली. (चोरून आणलेला मनीप्लांटच लागतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. सातवी आज्ञा पाठ असलेल्या घरांतूनही ती ऐकू येते, याचे मला नवल वाटते. विकत घेतलेलाही उत्तम लागतो.)

रिकाम्या झालेल्या त्या खिडकीत मी आता एक झाकणाची बरणी ठेवली आहे. तीत शेवाळ आहे, नेच्याची दोन लहान रोपे आहेत, आणि उघडे पाणी नाही. या बरणीची मूळ कथा सांगण्याजोगी आहे.

लंडन शहराच्या पूर्व भागात नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत असत. त्यांना नेच्यांचा फार नाद. परंतु भोवतालच्या धुराड्यांच्या कोळशाच्या धुराने त्यांची रोपे मरून जात. १८२९ साली एका पतंगाचा कोष फुटताना पाहावा, म्हणून त्यांनी तो ओलसर मातीसह रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून वर झाकण लावले. दिवसा मातीतील ओल वाफ होऊन काचेवर दवासारखी जमे व पुन्हा मातीतच उतरे, हे त्यांच्या ध्यानी आले. पतंग बाहेर पडण्याच्या सुमारास त्या मातीत आपोआप नेच्याचे एक रोप व थोडे गवत उगवले. बाहेर ज्या नेच्याला जगविता येत नव्हते, तो बाटलीत जवळजवळ चार वर्षे जगला. पुढे डॉक्टर घरी नसताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे कुजून गेली.

या अनुभवावरून वॉर्ड यांनी काचेच्या पेट्या करविल्या व १८३३ मध्ये रोपांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाने ऑस्ट्रेलियात सिडनीला धाडल्या. रोपे सुखरूप पोहोचली. त्यानंतर अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली. हिवतापावरील क्विनाइन ज्या सिंकोनाच्या सालीतून निघते, त्या झाडाची रोपेही दक्षिण अमेरिकेतून अशाच पेट्यांत निलगिरीवर आली. (येशूसंघीय मिशनऱ्यांनी ती साल युरोपात नेल्यामुळे तिला एके काळी जेझुइटांची साल म्हणत.) १८६० मध्ये आलेली पहिली रोपे तांबड्या समुद्रातील उष्णतेने होरपळून मेली, १८६१ मधील दुसरी खेप जगली.

होरपळण्याची ही गोष्ट आपल्या खिडकीलाही लागू आहे. बंद काचेवर थेट ऊन पडले की आतील हवा भट्टीसारखी तापते. बरणीला उजेड हवा, ऊन नको.

बरणी लोणच्याची चालेल, मात्र तेल व मीठ निघून जाईपर्यंत ती धुतली पाहिजे. तळाशी दोन बोटे बारीक खडी घालावी, म्हणजे जास्तीचे पाणी मुळांपासून दूर खाली उतरून राहते. त्यावर चुलीतील विझविलेल्या लाकडी कोळशाचे थोडे तुकडे, राख नव्हे. आणि त्यावर पालापाचोळ्याच्या खतात वाळू मिसळून केलेली माती. पावसाळ्यात विहिरीच्या काठावर आणि जुन्या गडग्यांवर शेवाळ व इवले नेचे आपसूक येतात, तेवढे पुरे. कोरफड व निवडुंग यांना ही कोंदट ओल सोसत नाही. खत घालू नये, कारण झाड वाढून बरणीबाहेर जावे हा हेतूच नाही. पाणी चार चमचे. सकाळी काचेवर धुके यावे व दुपारपर्यंत विरावे, हे योग्य प्रमाण होय. दिवसभर धारा ओघळत असतील तर झाकण एक दिवस उघडे ठेवावे. मुळांनी शोषलेले पाणी पानांतून वाफ होऊन निघते आणि काचेवरून पुन्हा मातीत येते. उजेडात पाने कर्बवायू घेऊन प्राणवायू सोडतात, आणि मातीतील सूक्ष्म जीव गळलेली पाने कुजवून कर्बवायू परत देतात. इंग्लंडमधील एका गृहस्थाने १९६० साली लावलेली अशी बाटली १९७२ मध्ये एकदाच पाणी घालून पुढे चाळीस वर्षे बंद राहिली, असे २०१३ मध्ये वृत्तपत्रांत आले होते. मी मात्र अद्याप दर पंधरवड्यास झाकण उघडून पाहतो. धीर धरवत नाही.

कुंडीतील झाडे बहुधा तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात. घरातील प्रत्येक जण जाता येता तांब्याभर पाणी घालतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पाने पिवळी पडली की आपण आणखी पाणी घालतो! मातीत बोट पेराएवढे खुपसून पाहावे; ओल लागली तर तांब्या परत न्यावा. बिस्किटांच्या डब्यात झाड लावणाऱ्यांनी तळाला भोके पाडावीत. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही. निम्मी कुंडी खापऱ्यांनी भरण्यात मात्र काही लाभ नाही, उलट मुळांची जागा जाते.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, ही जाहिरात आता सर्वत्र दिसते. तिचा उगम १९८९ सालच्या अमेरिकेतील नासाच्या प्रयोगांत आहे. परंतु ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा नित्याच्या खोलीत एवढा परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील, असे आढळले. चुलीच्या धुरावर खिडकी उघडणे हाच उपाय आहे. तद्वत, रात्री झाड शेजारी असले तर श्वास कोंडतो, हे भयही व्यर्थ आहे. एका कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला भाऊ कितीतरी अधिक कर्बवायू सोडतो.

खरे भय निराळे आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचे जे डिफेनबाखिया बाजारात मिळते, त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की तोंड व जीभ सुजते. मनीप्लांटमध्येही हाच गुण थोडाबहुत आहे. रांगते मूल किंवा मोकळी शेळी असलेल्या घरी ही झाडे उंचावर ठेवावीत, आणि मुलाने पान चावलेच तर तोंड धुऊन त्यास तडक डॉक्टरांकडे न्यावे.

ती मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे. गेल्या आठवड्यात ती निवासात आली आणि फाटकातूनच तिने विचारले, “फादर, बाटलीतलं पाणी बदललंत का?” बाटली आता नाही, असे सांगून मी तिला बरणी दाखविली. तिने नाक काचेला लावून बराच वेळ आत पाहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती विहिरीच्या काठावरचे ओंजळभर शेवाळ केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आली.