बर्फावरची वहिवाट : ग्रीनलँडची सिरियस गस्त



गेल्या व्याख्यानात आपण ‘मालकी’ या शब्दाचा विचार केला. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की जिथे कुणी राहत नाही, कुणी पेरत नाही, कुणी घर बांधत नाही, ती जमीन कुणाची? तेव्हा आम्ही म्हटलं होतं, की याचं उत्तर हवं असेल तर आपल्याला कुत्र्यांच्या मागे जावं लागेल. काही मंडळी हसली. आज खरोखरच जाऊ या.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ग्रीनलँड हे जगातलं सर्वांत मोठं बेट. ते डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे, पण तिथे स्वतःचं सरकार आहे. या बेटाचा ईशान्येकडचा सगळा भाग १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९८८ साली उद्यानाची हद्द आणखी वाढवली. क्षेत्रफळ सुमारे ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. जमिनीवरचं जगातलं हे सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. आणि या एवढ्या प्रदेशात कायमचं गाव एकही नाही. थोडी हवामान केंद्रं, थोडी संशोधन केंद्रं, पांढरी अस्वलं, मस्क ऑक्स, आणि किनाऱ्यावर डेनबोर्ग नावाचं एक ठाणं.

या डेनबोर्गला सिरियस गस्ती पथकाचं मुख्यालय आहे. हे डॅनिश लष्कराचं पथक, नौदलाच्या परंपरेतलं. गस्तीवर जाणारी माणसं किती? साधारण १२. दोघांची एक जोडी, प्रत्येक जोडीला एक स्लेजगाडी आणि डझनभर किंवा थोडे अधिक कुत्रे. माणसं स्वेच्छेने येतात आणि २६ महिने राहतात. मध्ये घरी जायची रजा नाही. दर वर्षी निम्मी माणसं बदलतात, म्हणजे जुन्याने नव्याला शिकवायचं आणि पुढच्या वर्षी त्या नव्याने जुनं व्हायचं. गुरुकुलच म्हणा ना!

नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र गोठला की पहिली गस्त निघते, ती नाताळच्या आत परत येते. सूर्य तेव्हा उगवतच नाही. मोठी गस्त निघते वर्षाच्या सुरुवातीला आणि संपते जूनच्या आसपास, बर्फ फुटायच्या आत. चार-पाच महिने दोन माणसं आणि त्यांचे कुत्रे. मुक्कामाला कधी तंबू, कधी वाटेवरची लाकडी खोपटी. यातली पुष्कळशी खोपटी जुन्या डॅनिश आणि नॉर्वेजियन शिकाऱ्यांनी बांधलेली आहेत. सापळे लावून कोल्हे पकडायचे, कातडी विकायची, असा त्यांचा धंदा होता. उन्हाळ्यात बोटीने आणि विमानाने ठिकठिकाणी अन्नाचे साठे ठेवलेले असतात, त्यांच्या भरवशावर हिवाळा काढायचा. सगळा प्रदेश एका वर्षात पाहून होत नाही. काही वर्षं मिळून एक फेरी पुरी होते.

आता तुम्ही विचाराल, आजच्या काळात कुत्रे कशाला? बर्फावर चालणारी यंत्रं आहेत की. आहेत. पण उणे ४० अंशाला यंत्र बंद पडलं आणि जवळचं ठाणं तीनशे किलोमीटरवर असलं, तर काय करणार? यंत्राचा एक भाग मोडला की सगळं यंत्र थांबतं. बारा कुत्र्यांतला एक लंगडा झाला तर अकरा ओढतात. यंत्राला इंधन लागतं आणि ते इंधनही ओढून न्यावं लागतं. रात्री तंबूजवळ अस्वल आलं तर यंत्र भुंकत नाही. स्लेजगाडीही अशी, की तिचे सांधे खिळ्यांनी न ठोकता दोरीने बांधलेले असतात. खडबडीत बर्फावर ती लवते, मोडत नाही, आणि मोडलीच तर तिथेच बांधून घेता येते. तेव्हा कुत्रे ठेवले आहेत ते हौसेखातर नव्हे, हिशोब करून.

हिशोबाचं हे झालं. पण हेतूचं काय?

डिसेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलँड अमेरिकेकडे हवं, अशी भाषा पुन्हा सुरू केली. त्याच सुमारास डेन्मार्कने ग्रीनलँडच्या संरक्षणावर मोठा खर्च करायचं जाहीर केलं. यादीत गस्ती जहाजं होती, लांब पल्ल्याचे ड्रोन होते आणि कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची दोन नवी पथकंही होती. यावर पुष्कळ चेष्टा झाली. महासत्तेसमोर कुत्रे! चेष्टा समजण्यासारखी आहे. दोन माणसं आणि बारा कुत्रे कुठल्याही सैन्याला अडवू शकणार नाहीत, हे डेन्मार्कलाही ठाऊक आहे. मग ही गस्त नेमकं काय करते? आपला आजचा प्रश्न हाच आहे.

तत्त्वज्ञानातून एक उत्तर मिळतं का पाहू. सतराव्या शतकात जॉन लॉक म्हणाला, की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. नांगरणाऱ्याची जमीन. आपल्यालाही हे चटकन पटतं. पण बर्फात श्रम मिसळणार कसे? नांगरणार काय? लॉकची कसोटी लावली तर ईशान्य ग्रीनलँड कुणाचाच नाही.

रोमन कायद्याकडे दुसरी कसोटी होती. ताबा सिद्ध व्हायला दोन गोष्टी लागतात : मनात ‘हे माझं’ असा हेतू, आणि त्या हेतूला शोभेल असं प्रत्यक्ष वर्तन. नुसता हेतू ही इच्छा झाली, नुसतं वर्तन हा योगायोग झाला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव असणं निराळं आणि जमीन वहिवाटीत असणं निराळं. बांधावरून वर्षानुवर्षं कोण चालतं, याला कोर्टातसुद्धा किंमत असते.

आणि हा प्रश्न खरोखरच कोर्टात गेला होता. जून १९३१ मध्ये हालवार्ड देवोल्ड आणि त्याच्याबरोबरच्या नॉर्वेजियन शिकाऱ्यांनी पूर्व ग्रीनलँडमध्ये मिग्बुक्ता इथे नॉर्वेचा झेंडा लावला. आधी हा खासगी उद्योग होता, पण १० जुलैला नॉर्वे सरकारने तो आपला म्हटला आणि त्या किनाऱ्यावर हक्क जाहीर केला. डेन्मार्क हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. नॉर्वेचं म्हणणं साधं होतं : इथे शिकार करतात आमची माणसं, हिवाळे काढतात आमची माणसं, डेन्मार्क इथे आहेच कुठे?

निकाल लागला ५ एप्रिल १९३३ रोजी, डेन्मार्कच्या बाजूने. न्यायालयाने तीच जुनी जोडी मांडली : सार्वभौम म्हणून वागण्याची इच्छा, आणि अधिकाराचा काहीतरी प्रत्यक्ष वापर. पण पुढे एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. जिथे वस्ती विरळ आहे किंवा नाहीच, तिथे हा वापर अगदी थोडा असला तरी पुरतो, फक्त दुसऱ्या कुणाचा दावा त्याहून बळकट नसावा. डेन्मार्कने केलेले कायदे, दिलेले परवाने, इतर देशांशी केलेले करार हे सगळं त्यात धरलं गेलं.

याच खटल्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१९ साली नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इलेन यांनी डेन्मार्कच्या प्रतिनिधीला तोंडी सांगितलं होतं, की ग्रीनलँडच्या बाबतीत आमच्याकडून अडचण येणार नाही. ना करार, ना सही-शिक्का. न्यायालयाने म्हटलं, की मंत्र्याने आपल्या कामाच्या कक्षेत दिलेला शब्द देशाला बांधतो. एवढ्या मोठ्या किनाऱ्याच्या खटल्यात बोललेल्या शब्दालाही वजन मिळालं! आणि नॉर्वेने निकाल मानला. तेही विसरू नये.

थोडा वापर पुरतो, म्हणजे किती थोडा? दुसऱ्या महायुद्धाने हे विचारलं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि ग्रीनलँड तुटून एकटं पडलं. युरोपातलं हवामान बरंचसं पश्चिमेकडून येतं, म्हणून ग्रीनलँडचं आजचं हवामान कळलं तर युरोपचं उद्याचं सांगता येतं. जर्मनीला तिथे गुप्त हवामान केंद्र हवं होतं. ग्रीनलँडचा कारभार पाहणारे एस्के ब्रुन यांनी १९४१ साली शिकाऱ्यांचीच एक स्लेज गस्त उभी केली. त्यात डेन होते, नॉर्वेजियन होते, ग्रीनलँडर होते. दहा वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावरून दोन देश कोर्टात भांडले, त्याच किनाऱ्यावर त्यांची माणसं एकत्र गस्त घालू लागली.

मार्च १९४३ मध्ये त्यांना साबिने बेटाकडे जर्मनांचा माग लागला. जर्मनांनी गस्तीचं एस्किमोनेसचं ठाणं जाळलं. २६ मार्चला एली क्नुडसेन हा गस्तीवाला गोळी लागून मेला. दुसरा एक गस्तीवाला, मारियुस येन्सेन, पकडला गेला. पण जर्मन तुकडीचा प्रमुख हेर्मान रिटर त्याच्यासोबत एकटा प्रवास करत असताना येन्सेनने डाव उलटवला, रिटरलाच कैद केलं आणि स्लेजने दक्षिणेला स्कोरस्बीसुंडच्या वस्तीपर्यंत नेलं. त्यानंतर मे महिन्यात अमेरिकन विमानांनी साबिनेवरच्या तळावर बॉम्ब टाकले. विमानांना कुठे जायचं हे कळलं, कारण कुणीतरी कुत्रे घेऊन आधी तिथे गेलं होतं.

युद्धानंतर, १९५० साली, हीच कल्पना कायमच्या लष्करी पथकात आली. आधी नाव होतं रेझोलुट. १९५३ पासून सिरियस. सिरियस म्हणजे आपला व्याध. पाश्चात्त्यांच्या आकाशात तो शिकाऱ्याचा कुत्रा, आपल्या आकाशात तो स्वतःच शिकारी. यात एक गंमत आहे. डेनबोर्ग ७४ उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे आणि व्याध खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ १७ अंश दक्षिणेला. साधी वजाबाकी करा. मुख्यालयातून हा तारा क्षितिजाच्या वर येतच नाही! तो दिसायला दक्षिणेकडे गस्तीवर जावं लागतं.

आता आजच्या काळातला आक्षेप घेऊ. उपग्रह सगळं पाहतात, ड्रोन सगळं पाहतात, मग माणूस कशाला? आम्हाला वाटतं, इथे पाहणं आणि असणं यातला फरक करायला हवा. पाहिल्याने जमीन आपली होत असती तर सगळी पृथ्वी ज्याचा कॅमेरा उत्तम त्याची झाली असती. उपग्रह जाता जाता पाहतो, त्याचं तिथे काही पणाला लागलेलं नसतं. गस्तीवाला खोपटीचं दार उघडतो, गेल्या वर्षी कुणी येऊन गेलं का ते पाहतो, मोडलेलं दुरुस्त करतो, नोंद करतो आणि पुढे जातो. उद्यानाचे नियमही तोच सांभाळतो. ही वहिवाट झाली. ती रोज नवी करावी लागते, एकदा केली की संपली असं होत नाही.

इथवर डेन्मार्कची बाजू भक्कम दिसते. पण आमच्या मते खरी अडचण इथूनच सुरू होते.

डेनबोर्गच्या समोर क्लेव्हरिंग नावाचं बेट आहे. १८२३ सालच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाचा कप्तान डग्लस क्लेव्हरिंग तिथे उतरला, तेव्हा त्याला १२ इनुइट माणसं भेटली. बायका, पुरुष, मुलं. थोडे दिवस येणं-जाणं झालं, भेटवस्तू दिल्या-घेतल्या. मग बंदुकीचा आवाज त्यांनी ऐकला आणि ती निघून गेली. ईशान्य ग्रीनलँडमधल्या मूळ रहिवाशांशी बाहेरच्या माणसांची नोंदलेली भेट तेवढीच. नंतर आलेल्यांना त्यांची घरं दिसली, थडगी दिसली, माणसं दिसली नाहीत.

म्हणजे ही जमीन मुळात रिकामी नव्हती. ती रिकामी झाली. आणि ज्या कुत्र्यांवर आज सार्वभौमत्व चालतं, ते कुत्रे, ती गाडी, दोरीने बांधायची ती रीत, हे सगळं इनुइटांचंच ज्ञान आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून कुत्रे घेऊन ग्रीनलँडला आले. १९३३ च्या खटल्यात वादी डेन्मार्क, प्रतिवादी नॉर्वे. इनुइट पक्षकार नव्हते. त्याआधी, १९२५ साली, अम्मासालिकहून सुमारे ८० इनुइट माणसं स्कोरस्बीसुंडला नेऊन वसवली होती. तिथे शिकार मुबलक होती हे खरं. त्यांच्या असण्याने डेन्मार्कचा दावा बळकट होत होता, हेही तितकंच खरं.

वहिवाट मोजायची तर मोजणी कुठल्या सालापासून सुरू करायची? १९३१ पासून केली तर डेन्मार्क जिंकतं. हजार वर्षांपासून केली तर उत्तर वेगळं येतं. २००९ च्या स्वशासन कायद्याने ग्रीनलँडच्या माणसांना स्वयंनिर्णयाचा हक्क असलेला समाज म्हणून मान्यता दिली. संख्येने ती जेमतेम ५७ हजार आहेत. तेव्हा आज कुणी म्हणालं की ग्रीनलँड विकत घेऊ, किंवा घेऊनच टाकू, तर पहिला प्रश्न डेन्मार्कला विचारायचाच नाही.

मग सिरियस गस्त निरर्थक का? नाही. ती दाखवते, की दूरच्या जमिनीवर हक्क सांगायचा तर तिथे जावं लागतं, थंडी सोसावी लागते आणि परत परत जावं लागतं. ज्यांनी चेष्टा केली त्यांना हे कळलं नाही. पण जाणाऱ्याने आपल्या आधी तिथून कोण गेलं हेही लक्षात ठेवायला हवं.

शेवटी एक प्रश्न आला आहे : “सर, समुद्राचा बर्फच उशिरा धरू लागला आणि लवकर फुटू लागला तर?” तर गस्तीचे दिवस कमी होतील आणि जहाजांचे वाढतील. जहाजं वाढली की दावे वाढतील. म्हणून हा प्रश्न आत्ताच नीट मांडून ठेवायला हवा. पुढच्या वेळी आपण समुद्राच्या मालकीकडे वळू.