बावीसपैकी बावीस

चाळीस मोटारसायकली एका रांगेत. गेट पडलं की सगळ्यांना पहिलं वळण हवं, आणि ते वळण चाळिसांना कधीच पुरत नाही. कुणीतरी आडवा होतो, मागचे दोघं त्याच्यावर. वाचलात, तर पुढे अर्धा तास आणि वर दोन फेऱ्या: चिखल, चर, उड्या. त्याच दिवशी हे सगळं पुन्हा एकदा. अशा खेळात आख्खा मोसम एकही शर्यत न हरता कुणी काढेल का?

जेट लॉरेन्सने काढला. २०२३ च्या अमेरिकन राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेत ४५० सीसी गटात २२ शर्यती झाल्या आणि बावीसही त्यानेच जिंकल्या. रिकी कारमायकल (दोनदा!) आणि जेम्स स्टुअर्ट यांच्यानंतर हे जमलेला तो तिसराच. तेही या गटातल्या पहिल्याच वर्षी. विशीत तर तो मोसम चालू असताना पोचला.

जेट ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडचा. २०१५ मध्ये तो ६५ सीसी गटात ज्युनियर जगज्जेता झाला. पुढे थोरला भाऊ हंटर आणि जेट या दोघांच्या शर्यतींसाठी सगळं कुटुंब आधी युरोपात, मग अमेरिकेत गेलं. २०२१ आणि २०२२ मध्ये त्याने २५० सीसीचं राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं. पण किताबांच्या यादीपेक्षा मला भुरळ पडते ती हवेतल्या करामतीची.

गाडीचं वजन शंभर किलोच्या वर, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांहून जास्त. ती हवेत असताना टायरखाली टेकायला काहीच नसतं, तरी स्वार तिला हवी तशी कलवतो. पुढचं टोक फार वर गेलं? क्लच दाबायचा, म्हणजे इंजिन बंद पडत नाही, आणि मागचा ब्रेक टेकवायचा. गरगरणारं मागचं चाक थांबतं, त्याची फिरण्याची ओढ आख्ख्या गाडीत उतरते आणि टोक खाली येतं. टोक खाली कोसळतंय? थ्रॉटल पिळायचा, चाक आणखी जोरात फिरतं आणि गाडी उलट बाजूला कलून टोक उचलते. कोनीय संवेगाचा नियम पाठ्यपुस्तकात वाचून विसरलेल्यांनी हे जरूर पाहावं.

खरी गंमत मात्र उंच न उडण्यात आहे. हवेतल्या चाकाला जमीन ढकलता येत नाही, म्हणजे वेग वाढवता येत नाही. म्हणून चढाच्या टोकाला गाडी जवळजवळ आडवी पाडून उडी बुटकी करायची. याला म्हणतात स्क्रब, आणि ते गाजवलं स्टुअर्टने. टाळ्या उंच उडीला पडतात. शर्यत बुटक्या उडीवाला नेतो. जेटचं हे इतकं सहज चालतं की तो जोर लावतोय असं वाटतच नाही, आणि माझ्या मते त्याच्या बरोबरीच्यांना तेच सर्वांत जास्त छळत असणार.

त्या बावीस विजयांच्या पुढच्याच वर्षी त्याने ४५० सीसीचं सुपरक्रॉस (स्टेडियममधलं मोटोक्रॉस) अजिंक्यपदही पहिल्याच प्रयत्नात घेतलं. त्याच्या शर्यतीची चित्रफीत मिळाली तर उडीच्या क्षणी स्वाराकडे बघू नका, मागच्या चाकाकडे बघा.