पांढरीतले रंगीत खापर



उमापूरसारख्या गावी माळवदासाठी जुन्या टेकाडाची पांढरी माती आणताना कुदळीला खापरे लागली, तर एखादे धुऊन पाहा. तांबड्या खापरावर काळी नक्षी दिसली, तर ते तीन हजार वर्षांपूर्वीचे असू शकते.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी 1950-51 साली उत्खनन झाले. त्या गावावरूनच अशा खापरांना नाव पडले. ही रंगीत भांडी चाकावरची. धान्याचे मोठे रांजण मात्र हातांनी घडवत. अमेरिकेतील प्युब्लो लोक आजही चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मडकी करतात.

जोर्वे भांडी वापरणारे लोक शेतकरीच होते. शिरूर तालुक्यातील इनामगावी त्यांचे जळके जव, गहू आणि पाण्याचा पाटही सापडला.

हे कळले, कारण थर जागेवर होते. खापर कोणत्या थरात होते यावरून त्याचा काळ ठरतो. टेकाड उकरून माती गाडीत भरली, की ती माहिती कायमची गेली.

म्हणून नक्षीचे खापर दिसताच खणणे थांबवा, जागेची खूण ठेवा आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. माती दुसरीकडूनही आणता येईल. वाडवडिलांची खूण पुन्हा मिळणार नाही.