जलशुद्धीकरण यंत्र आणि आपले पिण्याचे पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड, धायरी या परिसरात गिया-बारे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतील बळ जाते, काहींना श्वासही घेता येत नाही. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. पुण्याहून आलेला एक संशयित रुग्ण सोलापुरात दगावला, तेव्हा आपले शहरही हादरले. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. हे दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात.

विहिरीच्या पाण्याची चर्चा बरीच झाली. त्याच काळात घडलेली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. महापालिकेने त्या भागातील खासगी आरओ पाणी केंद्रे तपासली. काहींचे पाणी पिण्यास अयोग्य निघाले, काहींकडे परवानगीच नव्हती. अनेक केंद्रांना टाळे लागले. लोक 'शुद्ध' म्हणून पैसे मोजून जे जार घरी नेत होते, त्यांतलेच हे पाणी.

यंत्रातून आलेले पाणी दूषित कसे होते? नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. नळापर्यंत पोहोचताना ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावे, असे भारतीय मानक सांगते. वाटेत शिरलेल्या जंतूंपासून रक्षण करणारा हा पहारेकरी होय. आरओ यंत्रात पाणी प्रथम गाळ अडवणाऱ्या फिल्टरमधून व कार्बनमधून जाते. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, आणि तो घ्यावाच लागतो, कारण क्लोरीनमुळे पुढचा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, खराब होतो. मेम्ब्रेन क्षार व जंतू अडवतो खरा. पण त्यानंतर यंत्राच्या प्लॅस्टिकच्या टाकीत साठते ते पहारेकरी नसलेले पाणी. सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा, महिनोन्महिने न धुतलेली टाकी, तोटीला लागणारे ओले हात! आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जिवाणू वाढतात. निळा अतिनील दिवादेखील साधारण वर्षभरात निष्प्रभ होतो. तो पेटलेला दिसत राहतो, म्हणून कोणी बदलत नाही.

धडधाकट माणसाला यातील पुष्कळसे जिवाणू त्रास देत नाहीत. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांची गोष्ट वेगळी. सांडपाण्याचा अंश मिसळला असेल तर अतिसार, विषमज्वर, कावीळ कोणालाही होऊ शकते.

आपल्या शहराला उजनीचे पाणी मिळते, तेही कित्येक दिवसांआड. पाणी नसताना जलवाहिनीत दाब राहत नाही. अशा वेळी फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. पुढे तेच पाणी आपण पिंपात आणि टाकीत दिवसेंदिवस ठेवतो. म्हणजे यंत्राकडे येणारे पाणीच जोखमीचे. शिवाय एक लिटर पाण्यासाठी आरओ यंत्र साधारण तीन लिटर बाहेर टाकते. पाण्यासाठी जागरण करणाऱ्या वस्तीत ही उधळपट्टी डोळ्यांत खुपते. निदान ते पाणी भांडी व फरशीसाठी वापरावे.

विक्रेता टीडीएसचा आकडा दाखवतो, आपण मान डोलावतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा. जंतूंविषयी तो एक अक्षरही सांगत नाही. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार मानकाला मान्य आहेत. त्याहून कमी क्षार असतील तेथे आरओवर बंदी घालण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. क्षार पार काढलेल्या पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियमही जाते, याकडे जागतिक आरोग्य संघटनेने लक्ष वेधले आहे. आपल्या जिल्ह्यातील खारट बोअरला मात्र आरओ उपयोगी पडते, कारण उकळून क्षार जात नाहीत. गोड्या नळपाण्याला गाळून, खळखळून उकळणे पुरेसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले! शुद्धता तपासायची नसून मानायची असते, ही ती वृत्ती. निळ्या दिव्यावरचा आपला विश्वास त्याच वाटेने जाऊ नये, एवढेच म्हणतो.

जयंतीनिमित्त वा आईवडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ अनेक माजी विद्यार्थी शाळांना, विहारांना यंत्रे भेट देतात. पाटीवर नाव लागते. पण दुसऱ्या वर्षीच्या फिल्टरला दाता नसतो. मला वाटते, यंत्र एक कमी दिले तरी चालेल, पण त्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम द्यावी. यंत्राशेजारी वही टांगावी आणि टाकी धुतल्याची, फिल्टर बदलल्याची तारीख लिहावी. एच-टू-एस कुपीत पाणी भरून ठेवावे. काळे पडले तर ते पिऊ नये. सविस्तर तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. वसतिगृहांत उन्हाळी सुट्टीत यंत्र दीड महिना बंद असते. जूनमध्ये मुले परतण्यापूर्वी त्याची टाकी रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावेत, पहिल्या दोन टाक्यांचे पाणी झाडांना घालावे आणि मगच तोटी मुलांसाठी उघडावी.