वाचक-प्रेक्षक संशोधनातील संज्ञा आणि किल्लारीचे ‘पक्के घर’

प्रस्तावना

जाहिरात, प्रसारमाध्यमे आणि त्यांचा वाचक-श्रोता-प्रेक्षकवर्ग यांच्या अभ्यासाची परिभाषा मराठीत बहुतांशी इंग्रजीतून आली. ‘रीच’, ‘सॅम्पल’, ‘टीआरपी’, ‘एसईसी’ हे शब्द पदव्युत्तर वर्गात आणि वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागात सारख्याच सहजतेने वापरले जातात. त्यांना पोहोच, नमुना, वर्ग असे पर्याय दिले की संज्ञा समजली, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः यांतील प्रत्येक संज्ञा ही मोजणीची एक रीत होय. कोणास मोजावयाचे, कोणास वगळावयाचे, कशाला घर म्हणावयाचे, याविषयीचे निर्णय तिच्यात आधीच घेतलेले असतात. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसविलेली परिसरातील गावे यांच्या संदर्भात अशा काही संज्ञांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खप, वाचकसंख्या आणि पोहोच

सर्वाधिक गोंधळ आढळतो तो ‘खप’ आणि ‘वाचकसंख्या’ या दोन संज्ञांत. खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. त्याची तपासणी १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था करते. वाचकसंख्या हिशेबाच्या वह्यांतून मिळत नाही, ती घरोघरी विचारून काढावी लागते. भारतात असे पहिले राष्ट्रीय वाचक सर्वेक्षण १९७० मध्ये झाले, तर ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ हे सर्वेक्षण १९९५ पासून सुरू झाले. दैनिकाच्या ‘सरासरी अंक वाचकसंख्ये’साठी विचारला जाणारा प्रश्न साधा असतो : काल हे दैनिक आपण वाचले किंवा चाळले काय? यात चाळणारा मोजला जातो. पारावर किंवा हॉटेलच्या बाकावर दुसऱ्याने मोठ्याने वाचलेले ऐकणारा मात्र मोजला जात नाही. ग्रामीण मराठवाड्यात वृत्तपत्राची बातमी कानावाटे घेणारा हा वर्ग दुर्लक्षणीय नव्हे. सर्वेक्षणाच्या भाषेत त्याला नाव नाही, एवढेच.

‘पोहोच’ म्हणजे ठरावीक काळात एखादे माध्यम किंवा जाहिरात किमान एकदा ज्यांच्यासमोर आली अशांचे शेकडा प्रमाण. ‘वारंवारता’ म्हणजे ती त्यांच्यासमोर सरासरी किती वेळा आली ती संख्या. शंभर घरांपैकी चाळीस घरांत जाहिरात सरासरी तीनदा दिसली, तर दोहोंचा गुणाकार १२० येतो. यासच ‘ग्रॉस रेटिंग पॉइंट’ म्हणतात. शंभराहून मोठा आकडा पाहून विद्यार्थी चक्रावतात, कारण ते त्यास माणसांची टक्केवारी समजतात. येथे माणसे मोजलेली नसून समोर येण्याचे प्रसंग मोजलेले असतात. म्हणूनच या शास्त्रात ‘पाहण्याची संधी’ अशी एक प्रामाणिक संज्ञा आहे. जाहिरात पाहिली गेली, असा दावा ती करीत नाही. पाहता येणे शक्य होते, इतकेच ती सांगते.

विश्व

ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढावयाचे तो समूह म्हणजे सर्वेक्षणाचे ‘विश्व’. किल्लारीच्या बाबतीत हा शब्द काहीसा बोचरा ठरतो. १९९३ मध्ये या गावाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आले. परंतु पुढील दोन दशके खासगी वाहिन्यांच्या व्यापारी मोजणीचे मीटर मुख्यतः एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच बसविलेले होते. अल्फा टीव्ही मराठी (१९९९) आणि ई टीव्ही मराठी (२०००) या वाहिन्या सुरू झाल्यानंतर ‘महाराष्ट्र काय पाहतो’ याची जी चर्चा होत असे, ती या शहरी मीटरांच्या आधारे. खेड्यांचा नियमित समावेश झाला तो ‘बार्क’ या संस्थेच्या मोजणीत, ऑक्टोबर २०१५ पासून. त्यापूर्वीच्या टीआरपीच्या आकड्यांवरून ग्रामीण अभिरुचीविषयी विधाने करणारे प्रबंध म्हणूनच सावधपणे वाचावे लागतात. ते आकडे खोटे नसले, तरी त्यांच्या विश्वात खेडे नव्हते.

घर नावाचा निकष

तथापि सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी संज्ञा ‘सामाजिक-आर्थिक वर्ग’ ही होय. शहरांसाठीच्या जुन्या वर्गीकरणात मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय पाहत. खेड्यांसाठी व्यवसायाऐवजी घर घेतले गेले : पक्के, निमपक्के आणि कच्चे. शिक्षण आणि घर यांचा मेळ घालून आर-१ ते आर-४ असे चार वर्ग पाडले जात. ऐपत येईल तसतसा माणूस घर पक्के करीत जातो, म्हणून भिंतीवरून क्रयशक्ती ओळखता येते, हे यामागील गृहीतक होते. सर्वसाधारण परिस्थितीत ते अगदीच गैर म्हणता येणार नाही.

किल्लारी व सास्तूर परिसरात हे गृहीतक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास कोसळले. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. सहाहून अधिक तीव्रतेच्या त्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. या भागातील जुने घर म्हणजे चिखलमातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, आणि वर लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. ऐपत जितकी मोठी, तितकी भिंत रुंद आणि माळवद जड. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस सांधलेले नसल्याने धक्क्यासरशी ते सुटे झाले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. हलक्या छपराच्या झोपड्यांनी तोच धक्का तुलनेने बराच सोसला. समृद्धीची शिडी म्हणून वापरलेला पक्क्या-कच्च्याचा क्रम सुरक्षिततेच्या बाबतीत उलटा निघाला. मुळात माळवदाच्या घराला काय म्हणावे, हेही स्पष्ट नाही. दगड पाहिला तर पक्के, चिखल पाहिला तर कच्चे. जनगणनेनेही दगडी भिंतींत चुना-सिमेंटने सांधलेल्या आणि न सांधलेल्या असा भेद २०११ मध्ये केला.

यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फुटांचे घर, असे प्रमाण ठरले. घरे सर्वांचीच पक्की. आता जुन्या तक्त्याने या गावांकडे पाहिले, तर विलक्षण चित्र दिसते. बैल, धान्य आणि माणसे गमावलेले कुटुंब, कमावत्या व्यक्तीचे शिक्षण तेच राहिल्यास, घराच्या रकान्यामुळे पूर्वीइतक्याच किंवा वरच्या वर्गात जाऊन बसते. उलट कमावता शिकलेला पुरुष दगावला आणि संसाराचा भार न शिकलेल्या पत्नीवर आला, तर तेच पक्के घर असूनही वर्ग घसरतो. पहिल्या उदाहरणात शासनाचे अनुदान ‘क्रयशक्ती’ म्हणून नोंदले जाते, तर दुसऱ्यात एक मृत्यू ‘अल्पशिक्षण’ म्हणून. बाजारपेठेच्या अहवालात या दोहोंचा मागमूस उरत नाही.

२०११ मध्ये स्वीकारलेल्या नव्या ग्राहक वर्गीकरणात घर हा निकष वगळण्यात आला. शिक्षणाच्या जोडीस वीजजोडणी, पंखा, गॅसशेगडी, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी संच अशा अकरा बाबींपैकी कुटुंबाकडे किती आहेत, हे मोजले जाऊ लागले. अकरा बाबींत शेतजमीनही आहे. मात्र ती आहे किंवा नाही एवढेच विचारले जाते, किती हे नाही. भूकंपग्रस्त गावांच्या दृष्टीने हा बदल उपकारक ठरला, जरी तो करताना ही गावे कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. या गावांतील मूळ घराचे क्षेत्रफळ आजचे उत्पन्न सांगत नाही. १९९३ मध्ये त्या कुटुंबाच्या नावावर किती जमीन होती, हे ते सांगते. जुन्या संदर्भग्रंथांवरून प्रश्नावली उतरविणाऱ्या विद्यार्थ्यास ही गोष्ट मार्गदर्शकाने आरंभीच सांगावयास हवी.

कुटुंब आणि नमुना

सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. मराठीत ‘चूल वेगळी केली’ या वाक्प्रचारात ही व्याख्या पूर्वीपासूनच आहे, त्यामुळे येथे भाषांतराची अडचण नाही. अडचण आहे ती घरक्रमांकाची. वाटप झालेल्या एका घरालगत पत्र्याची शेड उभी राहिली आणि तीत दुसरी चूल पेटली, तर दारावरील क्रमांक एक आणि कुटुंबे दोन होतात. दुसरा धोका निवडपद्धतीत आहे. एका खुणेपासून निघून उजव्या हाताने ठरावीक अंतराने घर घ्यावे, असा क्षेत्रपाहणीचा रूढ नियम आहे. जुन्या गावठाणात लहान-मोठी घरे भावकीनिहाय शेजारीशेजारी असत. काही पुनर्वसित गावांत मात्र एकाच आकाराची घरे एकत्र बांधली गेली. अशा ठिकाणी एका कोपऱ्यातून सुरुवात करणाऱ्याच्या नमुन्यात एकाच प्रकारच्या खातेदारांची गर्दी होते.

पोहोच कोठे संपते

स्थलांतर न झालेल्या गावांत घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. भिंतीच्या दोन थरांना सांधणारा आरपार दगड कसा बसवावा, माळवदाचा भार कसा कमी करावा, हा त्यांनी पोहोचवावयाचा आशय होता. माध्यम होते ग्रामसभा, महिला मंडळ आणि प्रत्यक्ष मजबूत करून दाखविलेले घर. माध्यम नियोजनाच्या तक्त्यात या संवादाला रकाना नाही. ग्रामसभेस किती जण होते, हे लिहिता येईल. पण ती केवळ ‘पाहण्याची संधी’ झाली. या संदेशाची मोजणी करावयाची, तर प्रश्नावली बाजूस ठेवून भिंतीपाशी जावे लागते आणि आरपार दगड बसला आहे किंवा नाही, ते पाहावे लागते.