करार जिनिव्हाचा, नोंद तलाठ्याची

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. विरोधात मत देणारे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे चारही देश एरवी मानवी हक्कांचे धडे जगाला देणारे! २००९-१० मध्ये त्यांनीही आपला विरोध सोडला. भारताच्या पाठिंब्याला मात्र एक पुस्ती जोडलेली आहे. स्वातंत्र्यसमयी भारतात असलेली सारी प्रजा व तिचे वंशज हे सर्वच मूलनिवासी होत, अशी सरकारची भूमिका आहे. ती अगदीच टाकाऊ आहे असे म्हणता येणार नाही. हजारो वर्षांच्या स्थलांतरांनी घडलेल्या या देशात आधी कोण आले, हे सांगणे इतिहासकारालाही कठीण आहे. पण खरा प्रश्न आधी आल्याचा नसून पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन सरकारी दप्तरात कोणाच्या नावे लागते, हा आहे.

आणि या प्रश्नाचे उत्तर भारताने अर्धशतक आधीच मान्य केले होते, याचे विस्मरण होऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये आदिवासींविषयी करार क्रमांक १०७ संमत केला आणि १९५८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. जाहीरनामा हा सदिच्छेचा दस्तऐवज असतो. करार बंधनकारक असतो. या कराराच्या अकराव्या कलमानुसार आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहत आले, तिच्यावर त्यांची वैयक्तिक वा सामुदायिक मालकी मानावयाची आहे. बारावे कलम सांगते की, त्यांना हलविणे अपवादात्मक कारणास्तव आवश्यकच ठरले, तर निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यावी. आदिवासींना कालांतराने इतर समाजात मिसळून टाकावे, ही त्या काळची दृष्टी या कराराचा दोष होती. १९८९ च्या करार क्रमांक १६९ ने तो दूर केला. त्यावर भारताची सही नाही. तरीही १०७ ची बांधिलकी संपलेली नाही.

या बांधिलकीची कसोटी नर्मदेच्या खोऱ्यात लागली. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, ३३ गावे बुडिताच्या छायेत आली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्येच जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान २ हेक्टर, असा दंडक घालून दिला होता. दंडक उत्तम होता. परंतु तो जमीनधारकांसाठी होता, आणि डोंगरउतारावर आजापणजापासून शेती करणाऱ्या अनेक कुटुंबांपाशी सातबारा नव्हता. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमणदार होते. जिनिव्हात ज्याला परंपरागत मालकी म्हटले गेले, त्याचे नाव तालुक्याच्या कचेरीत अतिक्रमण असे होते. गुजरातने १९८७ मध्ये अशा कसणाऱ्यांनाही २ हेक्टर देण्याचे मान्य केले. महाराष्ट्र व मध्य प्रदेश तितके उदार झाले नाहीत.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्याची नोंद नाही त्याची किंमत शून्य धरली जाते. प्रकल्पाच्या हिशेबात भिजणाऱ्या क्षेत्राचा व निर्माण होणाऱ्या विजेचा लाभ काटेकोरपणे मांडला जातो. मोहाची फुले, डिंक, नदीतली मासळी, गुरांचे चराऊ रान यांचा खर्चाच्या रकान्यात पत्ता नसतो. मग प्रकल्प लाभदायक ठरला नाही तरच नवल.

बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये अहवाल दिला. त्यात करार क्रमांक १०७ चा आधार घेण्यात आला, आणि आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले. बँकेने अटी घातल्या. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने आपल्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. अक्कलकुव्यातील मणिबेलीसारख्या गावांनी बुडण्यास नकार दिला नसता, तर ते इतक्या लवकर झाले असते असे वाटत नाही. परंतु त्या गावांच्या पदरात काय पडले? आंतरराष्ट्रीय दडपण कराराच्या बळावर नव्हे, कर्जाच्या बळावर चालले होते. कर्ज थांबताच ते ओसरले, धरण मात्र चढत राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात कराराच्या बाराव्या कलमाची दखल घेतली. पण मिळणारी जमीन पूर्वीच्या जमिनीइतकी किंवा तिच्याहून बरी असण्याचा संभव आहे, असे मानून बांधकामास अनुमती दिली. ज्यांची पूर्वीची जमीन कागदावर नव्हतीच, त्यांच्या बाबतीत ही तुलना कशाशी करावयाची?

दप्तराची ही सत्ता मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न २००६ च्या वनहक्क कायद्याने केला. त्याने दाव्याचा आरंभ ग्रामसभेच्या हाती दिला. १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाचा हक्क न मिळताच विस्थापित झालेल्यांना पर्यायी जमिनीचा हक्कही एका उपकलमात आहे. पुराव्यासाठी सातबाराच हवा, असा हट्ट कायद्याने धरलेला नाही. वडीलधाऱ्यांची लेखी नोंदलेली साक्ष, जुन्या घराच्या खुणा, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांनाही पुरावा मानले आहे. नर्मदेकाठच्या दावेदारांच्या बाबतीत यांपैकी साक्ष तेवढी शिल्लक आहे. विहिरी, दफनभूमी व देवस्थाने जलाशयाच्या तळाशी आहेत.